मुलाण्यानं शिकवलेलं रक्त

आमच्या घरात कधी अंडं फुटलं नाही, डोकी मात्र पुष्कळ फुटली. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि शेजारच्या गल्लीत कुणाकडे मटण शिजलं तरी अव्वा, म्हणजे माझी आई, नाकाला पदर लावून दार ओढून घ्यायची. पण वडील तराजूची दांडी हातात घेत तेव्हा हे सगळं सोवळं कुठं जायचं कोण जाणे. दुकानात बसून मी गिऱ्हाइकाकडे लक्ष न देता वाचत असलो की ती दांडी पाठीवर बसायची, कोपरावर बसायची, आणि एकदा तर सरळ कपाळावर बसली. त्या दिवशी मी माझं स्वतःचं रक्त पहिल्यांदा भरपूर पाहिलं. गुळाच्या ढेपेवर थेंब पडले म्हणून वडिलांनी वर आणखी दोन फटके ठेवून दिले.

पेडगाव स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. राज्य निजामाचं, त्यामुळे परभणीच्या शाळेत मी शिकलो ते उर्दूतून. तिथले मास्तर वडिलांचे सख्खे भाऊ शोभले असते. छडी पाण्यात भिजवून ठेवायचे, म्हणजे ती मोडत नाही आणि लागते मात्र जास्त. पण त्याच शाळेतल्या फाटक्या पुस्तकांनी मला जिन्न दिले, जादूचे किल्ले दिले, आपलंच मुंडकं काखेत घेऊन घोड्यावर बसणारे सरदार दिले. मार खाऊन आलेल्या पोराला दुसऱ्याचं मुंडकं उडाल्याचं वाचायला फार बरं वाटतं. मी जन्मभर भयकादंबऱ्या का लिहिल्या यावर पुढं विद्वानांनी पानंच्या पानं भरली. खरं कारण एवढंच आहे.

बाविसाव्या वर्षी मी पहिली कादंबरी लिहायला घेतली. गोष्ट साधी होती. गावानं ठार मारलेला एक गळेकापू दर आषाढात उठून येतो आणि आपल्याला मारणाऱ्यांच्या घरातली माणसं एकेक करून कापतो. पंचवीस पानं झाली तेव्हा मला वाटलं, आता पुण्या-मुंबईच्या लेखकांनी दौत-टाक बांधून ठेवावेत. त्या दिवशी दुकानात गावचा मुलाणी तंबाखू घ्यायला आला होता. बकरं कापण्याचा मान गावात त्याचा. मरीआईचं असो, लग्नाचं असो, हिंदूचं असो की मुसलमानाचं, सुरी त्याचीच चालायची. मी त्याला चाचा म्हणायचो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी त्याला पहिल्या खुनाचं पान वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला.

"अप्पा, रगत असं न्हाई येत. तुमी तर पाटाला पानी सोडलंय."

मला राग आला, कारण त्याचं खरं होतं. रक्त मी पाहिलं होतं ते नाकातलं आणि कपाळावरचं. गळा म्हणाल तर मी माशीचाही कापलेला पाहिला नव्हता.

त्या आषाढात मी घरच्यांचा डोळा चुकवून मरीआईच्या माळावर गेलो. ओळीनं बकरी बांधलेली होती. मुलाणी एकेकाला पुढं घ्यायचा आणि आधी त्याच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधोमध, अंगठा ठेवून हळूहळू चोळायचा. बकरं ओरडायचं थांबायचं, डोळे अर्धे मिटायचं. मग अल्लाचं नाव आणि सुरीची एक ओढ. पहिल्या बकऱ्याला मी बाभळीमागं जाऊन ओकलो. दुसऱ्याला ओकलो नाही. तिसऱ्याला मी पुढं सरकून गुडघ्यांवर बसलो आणि मुलाण्यानं मला मास्तरासारखं समजावून सांगितलं. मास्तरापेक्षा बरंच, कारण त्यानं मारलं नाही. आधी येतो तो आवाज, कापड फाटल्याचा. मग फेस येतो, तो लाल नसतो, गुलाबी असतो, कारण त्यात श्वास मिसळलेला असतो. त्याच्यामागून रक्त, तेही सलग नाही, झटक्याझटक्यानं. आणि पाय सगळ्यात शेवटी पळतात, जीव गेल्यावर.

घरी येऊन मी अंघोळ केली, लिंगाची पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसून ते सगळं वहीत उतरवलं. बकऱ्याच्या जागी माणूस घातला, बाकी काही हलवलं नाही. कपाळावरचा अंगठा ठेवला. मुलाण्याची डावी पापणी पडकी होती, ती ठेवली. त्याचं निळं मुंडासं ठेवलं, उंबऱ्याच्या दगडावर सुरी लावायची त्याची सवय ठेवली. खऱ्या माणसाचं लिहायचं तर थोडं बदलून लिहायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी बदललं असतं असं नाही. ते फार झकास उतरलं होतं.

छापणार कोण? त्या राज्यात मराठी वाचनालय काढायचं म्हटलं तरी अर्जावर अर्ज. तेव्हा माझी कादंबरी वहीतच राहिली, लाल फडक्यात बांधलेली. तिला वाचक मिळाले ते मठात. श्रावणात शेतात चिखल असायचा, माणसं रिकामी असायची, आणि दुपारी मठाच्या ओसरीवर पोथी लागायची. वाचणाऱ्या जंगमांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता म्हणून त्या वर्षी वाचायला मला बसवलं होतं. पोथी महिना संपायच्या आधीच संपली. लोक उठेनात, आणखी काहीतरी वाच म्हणू लागले. मी घरून लाल फडकं आणलं आणि वही त्याच चौरंगावर ठेवली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात चौरंगावरून जे वाचलं जाई ते घडलेलं असे. कादंबरी हा शब्दच गावाला माहीत नव्हता. कुणीतरी बसून माणसं रचतो, त्यांना मारतो, आणि हे सगळं खोटं असूनही लोक ऐकतात, असा उद्योग जगात चालतो हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. पहिल्याच दुपारी एका म्हाताऱ्यानं विचारलं की हे खरं हाय का. मी नाही म्हटलं असतं तर म्हातारा उठला असता आणि त्याच्यामागं सगळी ओसरी. मला ते सोसलं नसतं. मी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि सांगितलं की यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे. आमच्यात लिंग हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर बसायला जागा मिळेना.

मुलाणी पायरीवर बसून ऐकायचा. गळेकापूचं वर्णन आलं की सगळ्या माना पायरीकडे वळायच्या, आणि तो मिशीत हसून पडकी पापणी आणखी पाडायचा. घाबरलेल्या बायका पदर तोंडात धरायच्या. पेडगावच्या बाजारात तो ज्याला त्याला सांगत सुटला, "पोथीत म्या हाय." मलाही चढली होती. त्या महिन्यात वडिलांनीसुद्धा दांडीला हात लावला नाही. आम्ही दोघंही नुसते फुगून गेलो होतो, तो माझ्यामुळे आणि मी त्याच्यामुळे.

पुढच्या दीड वर्षात कथा लिहिण्याची गरज उरली नाही. खाकी पोशाखातली, बंदुका-तलवारी घेतलेली माणसं गावोगाव फिरू लागली. निजामाचं राज्य राखायचं म्हणून ती धान्याच्या पेवात हात घालत, तरण्या पोरांना खांबाला बांधून झोडत, गंज्या पेटवत. आमचं दुकान त्यांनी दोनदा साफ केलं. वडील आडवे गेले तेव्हा त्यांच्याच तराजूची दांडी त्यांच्या पाठीवर मोडली. मी कोपऱ्यात उभा होतो. मला वाईट वाटलं, पण आधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते काय होतं हे मी अव्वाला कधी सांगितलं नाही.

त्या टोळीचा तळ स्टेशनाजवळच्या कापसाच्या गोदामात होता. बकरी कापायला त्यांनी आमच्या मुलाण्याला धरून नेलं. पहिल्यांदा तो नाही म्हणाला तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले. त्यानंतर तो बोलावणं आलं की जायचा. दुकानात येऊन मला ते बोळकं दाखवायचा आणि म्हणायचा, आता पोथीत हे बी लिवा. लोकांनी मात्र त्याचे दात पाहिले नाहीत. त्याला तळावर जाताना पाहिलं.

पौषात, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असताना, टोळीनं शेजारच्या गावावर धाड घातली. तीन माणसांना खळ्यावर गुडघ्यांवर बसवून त्यांचे गळे चिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पाहायला गेलो. बैलगाडीत तिघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं आणि माश्या हाकलायला एक बाई बसली होती. गर्दीत कुणीतरी म्हणालं की कपाळावर अंगठ्याचा डाग हाय बघा. झालं. मग ज्याला त्याला डाग दिसू लागला. मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. मातीत पालथे पडल्यावर कपाळाला जी माती लागते ती लागली होती, बाकी काही नव्हतं. मी हे तेव्हाच, तिथंच, ओरडून सांगायला हवं होतं. पण माझ्या लिहिण्यानं एवढी माणसं भारली गेली आहेत हे मी पाहत राहिलो. तीन माणसांच्या प्रेतांशेजारी उभा राहून मी खूश झालो होतो. क्षणभरच, पण झालो होतो.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत राज्य बदललं. खाकीवाले कपडे फेकून पसार झाले. मागं उरले ते ज्यांना पळायचं कारणच वाटलं नव्हतं असे. मुलाण्यानं बायको-पोरीला सेलूला तिच्या माहेरी पोचवलं आणि आपण घरच्या बकऱ्यांसाठी परत आला. मी त्याला म्हणालो की चाचा, थोडे दिवस तूही जा. तो म्हणाला, मी कुणाचं काय केलंय.

चौथ्या दिवशी ऐन दुपारी त्याला घरातून ओढून मठासमोर आणलं. शेजारच्या गावचे पन्नासेक लोक होते आणि आमच्या गावचेही होते. ओसरीवर बसून ज्यांनी माझी कादंबरी ऐकली होती तेच चेहरे. मुलाण्याचं मुंडासं गेलं होतं, एक कान फाटून लोंबत होता आणि तो पायऱ्यांशी गुडघ्यांवर होता. पुढं होता तो मेलेल्या तिघांतल्या एकाचा थोरला भाऊ. कुणबी, पन्नाशीचा, हातात कुऱ्हाड. तो माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. मागचे लोक घाई करत होते तेव्हा त्यानंच हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला दुकानातून बोलावून आणायला सांगितलं. माझे वडीलही मागोमाग आले.

तो म्हणाला, "अप्पा, पोथी तुमची हाय. ह्यो त्यातला न्हाई म्हना, लिंग हातात घ्या, ह्याला सोडतो. कोन हात लावतो म्या बघतो."

एवढं सरळ होतं. मी लिंग मुठीत घेतलं. मोठ्यानं सांगितलं की ती पोथी नाही, ते मी मनानं रचलेलं आहे, त्यातला गळेकापू कुठंच नव्हता आणि नाही. गर्दीतून एकानं विचारलं, मग चौरंगावर बसून घेतलेली शपथ? ती खोटी होती, मी म्हणालो. वडिलांनी मान खाली घातली. जंगम आत निघून गेले. कुणीतरी माझ्या अंगावर थुंकलं. पण कुणब्यानं कुऱ्हाड खाली केली. तिचं पातं मातीला टेकलेलं मी पाहिलं. मुलाण्यानं वर पाहिलं, तो रडत होता.

मग कुणब्यानं मला आणखी एक प्रश्न विचारला. त्यात डाव नव्हता. धाडीच्या वेळी तो ज्वारीत पडून होता आणि भावाचा गळा चिरताना त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, चिरणाऱ्याचं तोंड मात्र त्याला दिसलं नव्हतं. आठ महिने तो तेच पाहत असणार.

"आधी गुलाबी फेस येतो, मग झटक्यानं रगत. माझ्या भावाचं तसंच झालं. तुमी तर अंडंबी फोडलं न्हाई, अप्पा. तुमाला हे कुनी सांगितलं?"

आता मी काय म्हणायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मी सुटलो होतो, तो सुटला होता, माझं लिहिणं खरं निघालं होतं आणि मी ते खरं लिहिलं याची साक्ष एक माणूस सगळ्यांसमोर देत होता. मी म्हणालो, "चाचांनीच सांगितलं."

बकऱ्याचं, हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. दोनदा, तीनदा, घसा फुटेस्तोवर. पण तेव्हा गर्दी माझ्या आणि त्याच्या मध्ये आली होती. मला बाजूला फेकलं गेलं, मी पायरीवर आपटलो, आणि लोकांच्या पायांमधून मला जेवढं दिसलं तेवढं दिसलं. पहिला घाव खांद्यावर बसला. तो ओरडला ते आईच्या नावानं, दखनीत, घरी बोलतो तसं. दुसऱ्या घावाला हात मध्ये घातला तर हातच गेला. मग आमच्याच गावातल्या एकानं, ज्याला मी लहानपणापासून ओळखत होतो, पुढं होऊन मुलाण्याच्या कपाळावर अंगठा ठेवला आणि चोळला. वहीत लिहिलं होतं तसं, हळूहळू. लोक हसले. त्यानंतर कुणीतरी त्याचीच सुरी आणली.

कापड फाटल्याचा आवाज आला. फेस आला. त्यानं सांगितलं होतं तसंच सगळं झालं, त्याच क्रमानं, आणि पायही शेवटी पळाले. मी डोळे मिटले नाहीत. मी लेखक होतो, मी बघत राहिलो. माणसाचं बकऱ्यापेक्षा जास्त वेळ चालतं, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. ते मी त्या दुपारी स्वतः टिपून घेतलं.

कुणब्यानं कुऱ्हाड तिथंच टाकली आणि तो एकटाच गावाबाहेर चालता झाला. वडिलांनी मला घरी नेलं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुवायला पाणी दिलं. पुढं सेलूला जाऊन त्याच्या बायकोला भेटावं म्हणून मी एकदा निघालो. तिच्या माहेरच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलो, सरकी भरलेल्या गाड्यांच्या आडोशाला तासभर उभा राहिलो आणि मिळेल त्या गाडीनं परत आलो. काय सांगणार होतो मी तिला?

त्याच वर्षी मी गाव सोडलं. लाल फडक्यातली वही बरोबर घेतली. जाळून टाकली, असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती मी जाळली नाही, ती छापली. पहिली आवृत्ती हातोहात गेली. मग दुसरी कादंबरी, तिसरी, वर्षाला दोन. भुतं लिहिली, हडळी लिहिल्या, जमिनीखालची शहरं लिहिली, आणि प्रत्येकीत निदान एक गळा कापला. प्रकाशकाची तशी अटच असायची. रक्त लिहावं तर यांनीच, असं परीक्षणांत यायचं. मटणाच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या बायका रात्री उशाला माझी पुस्तकं घेऊन झोपायच्या. घर झालं, मुलांची शिक्षणं झाली, गळ्यातलं लिंग आहे तिथंच आहे. त्याची शपथ मात्र मी पुन्हा कधी घेतली नाही आणि कुणी घ्यायला सांगितलीही नाही.

आता या वयात सत्कार होतात. हार, शाल, नारळ, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. दर ठिकाणी कुणीतरी उठून तेच विचारतं: तुम्ही शुद्ध शाकाहारी, लिंगायत घरातले, तुम्हाला गळा कापल्यावरचं हे एवढं बारीकसारीक कसं कळलं? मी माइक जवळ ओढतो, थोडा हसतो आणि सांगतो, अहो, कल्पना, दुसरं काय. लोक टाळ्या वाजवतात. किती सहज येतं आता तोंडात. त्या दुपारी एवढा एक शब्द मला सुचला असता, तर चाचा उठून घरी गेला असता.